राजघाटचा पूल

सोडमुंजीच्या दिवशीं बटु पायांत वहाणा घालून, छत्री-काठी घेऊन काशीस जावयास निघतो. मामा मागून जातो, 'तुला माझी मुलगी देईन, परत चल' असें म्हणतो, आणि बटु माघारीं फिरतो. पूर्वी बहुतेकांची काशीयात्रा या अंगणांतल्या दहा पावलांतच संपत असे. त्यांत कोणास दोष द्यावा असें नाहीं. शेंकडों मैलांची वाट, मध्यें नर्मदा आणि विंध्याद्रि, चोरांचें भय, आणि पटकीचें त्याहून मोठें भय. जो खरोखरच निघे त्यास गांव वेशीपर्यंत पोंचवी आणि मनांतून शेवटचाच नमस्कार करी. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमींतून वांचले आणि आईबापांसाठीं गंगेची कावड घेऊन कोकणांत परत आले, ही हकीकत 'माझा प्रवास' वाचणाऱ्यांस ठाऊकच आहे.

त्याच काशीस आज मुंबईहून निघालेला माणूस दीड दिवसाच्या आंत पोंचतो. या दीड दिवसांतील शेवटचीं तीन-चार मिनिटें हाच आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे. तेवढ्या वेळांत गाडी गंगा ओलांडते. इतक्या थोड्या वेळाविषयीं इतकें लिहिण्याचें कारण घरगुती आहे. तें आधीं सांगतों.

१९८७ सालच्या पौषांत आम्ही आमच्या मातोश्रींस घेऊन काशीस गेलों. आमची शिक्षकाची नोकरी नवी, पगार बेताचा. तरी दोन वर्षें पैसे बाजूस टाकून तो योग आणला होता. निघतांना आईनें लुगड्याच्या पदरास एक भोकाचा पैसा गांठ मारून घेतला. तो पैसा तिच्या आईचा. आमचे आजोबा लहानपणीं वडिलांबरोबर काशीस जाऊन आले होते. गाडी गंगेच्या पुलावर येतांच डब्यांतील सगळे यात्रेकरू उठून उभे राहतात, जयजयकार करितात आणि खिडकींतून पैसा टाकितात, असें ते आजीस पुष्कळदां सांगत. आजीनें तो पैसा त्याच कामासाठीं देव्हाऱ्यांत जपून ठेवला होता. तिचा योग आला नाहीं. शेवटच्या दुखण्यांत तिनें आईस सांगितलें, "तूं गेलीस तर माझ्या नांवानें पुलावरून टाक."

गाडी पुलावर आली तेव्हां पहाटेचे चार वाजले असावेत. खोकल्यानें आईस रात्रभर झोंप नव्हती. नुकताच तिचा डोळा लागला होता. आम्ही खिडकीशीं जागे होतों. गाडीचा आवाज एकदम पालटला, लोखंडी जाळी खिडकीसमोरून धांवूं लागली, आणि तिच्या पलीकडे खोल अंधारांत दोन-चार दिवे हलतांना दिसले. आम्ही हात जोडले. आईस हांक मारावी असें मनांत आलें. पण 'उद्यां घाटावर गंगा पोटभर पाहीलच, आतां उगीच झोंप मोडूं नये' असा शहाणपणाचा विचार करून आम्ही गप्प बसलों. काशी स्टेशनच्या दिव्यांनीं ती जागी झाली. तिचा पहिला प्रश्न, "पूल आला का रे?" आम्ही म्हणालों, "गेला."

ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं दशाश्वमेधावर स्नान झाल्यावर आम्ही सुचविलें कीं, पैसा येथूनच गंगेस अर्पण करावा. तिनें मान हालविली. "आईनें पुलावरून सांगितलें होतें," एवढेंच म्हणाली. पुढें आम्हांस प्रयागास जावयाचें होतें व तेथूनच घरीं परतावयाचें होतें. त्या वाटेवर गंगेचा पूल लागतो खरा, पण तो प्रयागचा, काशीचा नव्हे. पैसा पदरांतून पुन्हा देव्हाऱ्यांत गेला. आईनें त्याबद्दल आम्हांस जन्मांत कधीं बोल लाविला नाहीं, आणि म्हणूनच तो आम्हांस अधिक लागला. तेव्हांपासून या पुलासंबंधीं जें हातीं येईल तें आम्ही वाचीत आलों. त्यांतील सार वाचकांपुढें ठेवतों.

कलकत्त्याकडून येणारी ईस्ट इंडियन रेल्वे १८६२ सालीं काशीसमोरच्या तीरावर, मुगलसरायच्या बाजूस, येऊन पोंचली. मुंबईकडील रेल्वे आणि ही रेल्वे यांची जबलपुरास १८७० सालीं गांठ पडली, तेव्हांपासून मराठी यात्रेकरूस गाडींत बसून गंगेच्या कांठापर्यंत जातां येऊं लागलें. पण कांठापर्यंतच. काशीच्या तीरावर अयोध्या प्रांतांतून लखनौवरून येणारी दुसरी कंपनी, औध-रोहिलखंड रेल्वे. पलीकडच्या तीरावर ईस्ट इंडियन रेल्वे. आणि मधें गंगा. शेंकडों मैल गाडीनें आलेला यात्रेकरू येथें काशी समोर दिसत असतां बोचकें डोक्यावर घेऊन उतरे, आणि कोरड्या ऋतूंत नावांच्या पुलावरून, एरवी नावेंतून, पैलतीरीं जाई. पावसाळ्यांत ही नाव म्हणजे साधी गोष्ट नव्हती. ही स्थिति १८८७ पर्यंत, म्हणजे सुमारें पंचवीस वर्षें, चालली.

पंचवीस वर्षें कां लागलीं, हें नदी पाहिल्याशिवाय उमगत नाहीं. काशीस गंगा उत्तरवाहिनी होते. तिचा डावा तीर उंच व कठीण. त्यावर काशी धनुष्यासारखी वांकून बसली आहे. उजवा तीर सपाट वाळूचा. पाण्याची सगळी ओढ उंच तीराकडे, आणि तेथेंच पात्र खोल. आषाढापासून आश्विनापर्यंत पूर. पुराच्या पाण्याचा खरा धोका त्याच्या उंचींत नसून खोलींत असतो. पाण्यास खांबाची अडचण होतांच तें खांबाभोंवतीं भोंवरा करून तळची वाळू उपसून नेतें. आज जो खांब वाळूंत वीस हात रोवला आहे असें वाटतें, त्याच्या पायाशीं पुरांत कांहींच उरत नाहीं. म्हणून पुरानें जेवढी वाळू उकरली जाईल तिच्याही पुष्कळ खालीं पाया नेणें भाग असतें.

पाया विचारांत न घेतां बांधल्यास काय होतें, याचे दोन दाखले काशीकडेच आहेत, आणि दोन्ही आम्हां मराठी लोकांचे आहेत. पहिला बायजाबाई शिंदे यांचा. त्यांनीं १८३० च्या सुमारास मणिकर्णिकेशेजारीं असा भव्य घाट बांधला कीं, त्याच्या वजनानें तोच खचला. पुढें तो पुन्हा बांधण्यांत आला. पण पायथ्याशीं एका बाजूस कललेलें शिवालय यात्रेकरू आजही बोट दाखवून एकमेकांस दाखवितात. दुसरा दाखला नाना फडणविसांचा. काशीहून गयेस जातांना कर्मनाशा नदी लागते. तिच्या पाण्याचा स्पर्श झाला असतां केलेलें पुण्य नष्ट होतें अशी समजूत. यात्रेकरू दुसऱ्याच्या खांद्यावर बसून ती ओलांडीत. नानांनीं यात्रेकरूंचें पुण्य सुरक्षित राहावें म्हणून तेथें पूल बांधावयास काढला. वाळूंत पाया टिकेना. १८०० सालीं नाना वारले, आणि काम तसेंच राहिलें. तें पुढें काशीचे धनिक राय पटनीमल यांनीं स्वतःच्या खर्चानें १८३१ च्या सुमारास पुरें केलें. त्यांस साहाय्य करणारा इंग्रज म्हणजे काशीच्या टांकसाळींतील जेम्स प्रिन्सेप. हाच तो प्रिन्सेप, ज्यानें १८३७ सालीं अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपि उलगडली. एका हातानें कर्मनाशेवर पूल, दुसऱ्या हातानें दोन हजार वर्षांवर! संस्कृत शिकलेल्या माणसास या गृहस्थाचें ऋण मान्य करावेंच लागतें.

गंगेवरील पुलाचें काम औध-रोहिलखंड रेल्वेच्या इंजिनियरांनीं केलें. त्यांत वॉल्टन हें नांव प्रमुख आहे. पायासाठीं त्यांनीं जी रीत वापरली ती विहिरीची. ती मुळांत या देशाचीच आहे. यमुनेकांठचा ताजमहाल विहिरींच्याच पायावर उभा आहे. साहेबानें तिला लोखंडाची आणि वाफेची जोड दिली. ती रीत अशी: पाणी उतरल्यावर खांबाच्या जागीं धारेचें लोखंडी कडें बसवावयाचें, त्यावर विटांची गोल भिंत रचावयाची, आंतली वाळू यंत्राच्या जबड्यानें उपसावयाची. जसजशी वाळू निघते तसतशी विहीर स्वतःच्या भारानें खालीं उतरते. अडली तर वर लोखंडाचे रूळ रचून भार द्यावयाचा. एका बाजूस कलली तर दुसऱ्या बाजूची वाळू अधिक काढून तिला सरळ आणावयाचें. खालीं कठीण थर लागला म्हणजे आंत चुन्याचा गिलावा व खडी भरून ती बुजवावयाची, आणि मग तिच्यावर खांब उभारावयाचा. हें सर्व कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत. नंतर पूर येणार आणि केलेल्या कामाची परीक्षा घेणार. आज पुलाकडे पाहतांना आपणांस दिसतें तें त्याच्या श्रमाचें निम्मेंही नव्हे. उरलेलें गंगेच्या तळाखालीं आहे.

अशा खांबांवर सुमारें ३५० फुटांचे सात मोठे आणि सुमारें ११० फुटांचे नऊ लहान गाळे मिळून १०४८.५ मीटर लांबीचा पूल उभा राहिला. १८८७ सालीं तो खुला झाला, आणि तेव्हांचे व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांचें नांव त्यास देण्यांत आलें. या वॉल्टनची एक गोष्ट आम्हां गोदावरीच्या लेंकरांस जवळची वाटेल. गंगेनंतर त्यानें राजमहेंद्रीस गोदावरीवर ५६ गाळ्यांचा पूल बांधला, आणि तो १९०० सालीं सुरू झाला. त्र्यंबकास जी धार ओंजळींत मावते तिच्यावर तेथें पावणेतीन किलोमीटरांचा पूल लागला. गंगा आणि दक्षिणगंगा या दोहोंवर एकाच माणसाचा हात फिरला. गोदावरीचा तो पूल १९९७ सालीं निवृत्त झाला. गंगेवरचा थोरला भाऊ अद्याप नोकरींत आहे.

थोरल्या भावाच्या अंगावरचें वस्त्र मात्र बदललें. विसाव्या शतकाच्या पांचव्या दशकांत वाढत्या वाहतुकीसाठीं वरच्या तुळया नव्या घालण्यांत आल्या. खालीं रेल्वेचे दोन मार्ग आणि वर गाड्या-माणसांचा रस्ता अशी दुमजली रचना झाली. गीतेंतील जीर्ण वस्त्रांचा दृष्टांत येथें कोणासही आठवेल. नांवही बदललें. ज्या डफरिनसाहेबांनीं पूल खुला झाल्याच्या दुसऱ्याच वर्षीं, १८८८ सालीं, काँग्रेसमधील मंडळींस मूठभर म्हणून हिणविलें होतें, त्यांचें नांव जाऊन काँग्रेसचें अध्यक्षपद भूषविलेल्या पंडित मदनमोहन मालवीयांचें नांव १९४८ सालीं पुलास मिळालें. काशीच्या नावाड्यांनीं मात्र दोन्ही नांवें बाजूस ठेवलीं. त्यांच्या तोंडीं तो राजघाटचाच पूल.

या राजघाटाविषयीं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण पुलाचें गुणगान करतांना ती विसरणें न्यायाचें होणार नाहीं. पुलाचें काशीकडील टोंक ज्या उंचवट्यावर टेंकलें आहे, तो उंचवटा म्हणजे निव्वळ माती नव्हती. १९३९-४० च्या सुमारास काशी स्टेशनच्या वाढीसाठीं रेल्वेनें तेथें खणावयास घेतलें, तेव्हां कुदळीखालीं भिंती, मातीच्या मुद्रा आणि भाजलेल्या मातीचीं सुंदर मस्तकें येऊं लागलीं. ज्यास आपण वाराणसी म्हणतों तें जुनें नगर, वरणेच्या संगमाजवळचें, तेथें निजलें होतें. राय कृष्णदास यांच्या प्रयत्नानें पुष्कळ वस्तु भारत कला भवनांत पोंचल्या आणि वांचल्या. पुढें काशी हिंदु विश्वविद्यालयानें १९५७ पासून तेथें शास्त्रशुद्ध उत्खनन केलें, आणि वस्ती इसवी सनापूर्वी सुमारें आठशें वर्षांपर्यंत मागें जाते असें दिसून आलें. ज्या रेल्वेनें आम्हांस काशीस पोंचविलें तिनेंच काशीच्या अंगावर कुदळ चालविली, आणि त्या कुदळीनेंच काशीचें वय आम्हांस कळलें. यांत उपकार किती आणि अपराध किती, हें वाचकांनींच ठरवावें. आम्हांस तें ठरवितां आलेलें नाहीं.

असो. आई जाऊन कांहीं वर्षें झालीं. तिचा देव्हारा आमच्याकडे आला, आणि त्याबरोबर तो भोकाचा पैसा. गेल्या माघांत आम्ही उभयतां काशीस गेलों. या खेपेस थेट गाडी मुद्दामच घेतली नाहीं. हल्लींच्या थंड डब्यांच्या खिडक्या उघडत नाहींत. ज्या गाडींतून पैसा टाकतां येत नाहीं ती आमच्या काय कामाची? मुगलसरायास उतरलों (२०१८ पासून त्या स्टेशनास पंडित दीनदयाळ उपाध्याय यांचें नांव आहे) आणि सकाळच्या एका साध्या गाडींत, डाव्या हाताची खिडकी धरून बसलों. डब्यांत दूधवाले, विद्यार्थी, आणि बिहारकडील यात्रेकरूंचा एक मेळा होता.

वाळू संपली, आणि आवाज पालटला. अडतीस वर्षांपूर्वी अंधारांत ऐकलेला तोच आवाज. जाळीच्या तिरप्या पट्ट्यांमधून गंगा दिसूं लागली, आणि गंगेच्या वळणावर सगळी काशी. सकाळचें ऊन समोरून घाटांवर पडलें होतें. पंचगंगेवरची मशीद ओळखतां आली. तिचे ते उंच मिनार, ज्यांस लोक माधवरावांचा धरहरा म्हणत, आतां नाहींत. त्या पलीकडे धूर दिसला तो मणिकर्णिकेचा. मेळ्यांतील मंडळी उभीं राहिलीं. आजोबांनीं सांगितलेलें एकही अक्षर खोटें नव्हतें. जयजयकार झाला, आणि खिडक्यांतून पैसे जाऊं लागले.

आम्हीं आजीचें नांव घेतलें, आईचें घेतलें, आणि पैसा टाकला. टण्‌ असा आवाज झाला. पैसा पुलाच्या पट्टीस लागला होता. तेथून तो पाण्यांत उडाला, कीं खालच्या कुठल्या तुळईच्या कोपऱ्यांत अडकून राहिला, हें सांगतां येत नाहीं. आमच्या कुटुंबानें आमच्याकडे पाहिलें. "पडला पाण्यांत," ती ठाम म्हणाली. आम्हांस तेवढी खात्री नाहीं. पण चाळीस वर्षांच्या संसारांत अशा गोष्टींत तिचें म्हणणें खरें धरण्याचा आमचा परिपाठ आहे, तो आम्ही येथेंही पाळला. गाडी काशी स्टेशनांत शिरेपर्यंत आमच्या डोळ्यांस समोरचें नीट दिसत नव्हतें.

आतां या पुलाशेजारीं नवा पूल होणार आहे. ऑक्टोबर २०२४ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें त्या योजनेस मंजुरी दिली. खालीं रेल्वेचे चार मार्ग, वर सहा पदरी रस्ता, आणि खर्चाचा अंदाज २,६४२ कोटी रुपये. तो झालाच पाहिजे. सव्वाशेंहून अधिक वर्षें राबलेल्या म्हाताऱ्यावर किती भार घालावयाचा यास मर्यादा आहे. निवृत्त झालेल्या माणसास हें निराळें सांगावें लागत नाहीं.

वाचकांस एकच विनंति आहे. आपण काशीस जाल तेव्हां गाडी बहुधा रात्रीं-अपरात्रीं पुलावर येईल, आणि बरोबरचें वडील माणूस झोंपलेलें असेल. त्याची झोंप मोडण्याचा संकोच करूं नये. मिर्झापूर किंवा मुगलसराय गेलें कीं घड्याळाकडे पाहावें, अंगावरचें पांघरूण हलकेंच बाजूस करावें, आणि हांक मारावी.